बिनखांबी तंबू

“तिकडे बर्फात निदान तुमचं तोंड तरी बघावं लागणार नाही,” नवऱ्याने सासऱ्यांना सुनावलं. हिमालयातल्या ट्रेकसाठी महिनाभर खल करून त्याने एकट्यापुरता, सगळ्यात हलका तंबू निवडला होता. वजन वाचवायला त्यात खांबच नव्हते. चालायच्या काठीवरच तो उभा करायचा.

“बापाला दवाखान्यात न्यायचं म्हटलं की याचे पाय दुखतात, डोंगर चढताना बरे दुखत नाहीत,” सासरे पलंगावरून फिस्कारले.

“तुमच्यावाचून माझं काही अडत नाही,” म्हणत तो तंबू उभारून बघायला तणतणत गच्चीवर गेला. थोड्या वेळाने वरून मला ओरडून म्हणाला, “बघ ये, कसा ताठ उभा राहिलाय.”



मी जिन्याकडे वळले, तेवढ्यात सासऱ्यांची हाक आली.

“सूनबाई, माझी काठी कुठे दिसते का गं?”