लाल जँडल्स

"किआ ओरा," असा तिथला नमस्कार करत सरकारी घरांचा अधिकारी तपासणीला आला आणि दारातल्या लाल रबरी चपलांपाशी, जँडल्सपाशी, थबकला. "या कोणाच्या?" "या वयात माझ्या वाटतात? जुईच्या. गेली ती," शकुमावशी म्हणाल्या. जुई त्यांची पेइंग गेस्ट. सरकारी घराचं भाडं मावशींच्या उत्पन्नावर ठरायचं, आणि नव्या नियमाने जुई देई ते पैसेही त्यात धरले जाणार होते. "मावशी, माझ्यापायी तुमचं भाडं वाढायला नको," म्हणत तिने देशाच्या दूर, थंड दक्षिणेत, हॉर्नबीत नोकरी शोधली. तिकडच्या थंडीत जँडल्स कशाला, म्हणून इथेच ठेवल्या. "मग फेकल्या का नाहीत?" "दारात बऱ्या दिसतात." अधिकाऱ्याला ते पटलं नाही. "ती इथेच राहत असेल तर भाडं वाढेल," त्याने बजावलं. "खोली बघू?" त्याने दार ढकललं. उघडी गादी, रिकामं कपाट. "कोणी नाही," तो म्हणाला. त्याच्या खांद्यावरून मावशींनीही एकदा बघून घेतलं.