अडीच फुटांचं दार

“अडीच फुटांचं दार?” सुतारानं कानामागची पेन्सिल काढली आणि परत खोचली. “वहिनी, आत नाव बांधायची आहे ना? मग ती बाहेर कशी यायची? खिशात घालून?”

“ते आमचं आम्ही बघू. तुम्ही अडीचचंच बसवा.”

सुतार हसला. बाईचं माप चुकलंय, असं त्याला वाटलं असणार. पण ती शिवणकाम करणारी बाई. झोपतानाच काय ती गळ्यातली टेप काढायची. गिऱ्हाईक फाटकातून आत येईपर्यंत त्याची छाती, कंबर, उंची तिच्या मनात मांडून झालेली असायची. मापात तिची चूक कधी होत नसे.

ही चूक नव्हतीच. नवऱ्याच्या डोक्यात नावेचं खूळ शिरलं होतं. बागेच्या टोकाला खोली बांधायची, तिथं स्वतःच्या हातानं लाकडी नाव करायची आणि नदीनं थेट समुद्रापर्यंत जायचं.

“एकटेच?” तिनं विचारलं होतं.

“अगं, तुला तर बादलीतल्या पाण्याची भीती वाटते!”

बारा वर्षं झाली लग्नाला, पाळणा हलला नव्हता. घरात दोघंच. त्यातला एक निघून गेला तर मागे उरणार कोण, शिलाई मशीन? मग खोलीचं काम तिनं मोठ्या हौसेनं अंगावर घेतलं. बांधा म्हणावं नाव, आणि काढून दाखवा बाहेर.

खोली बघायला आला तेव्हा नवरा जरा वेळ दारात थांबला. चौकटीवरून हात फिरवला. ती टेपचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिली.

“छान आहे,” तो म्हणाला. “मागे गल्लीच्या बाजूला एक खिडकी तेवढी काढा. जरा खाली घ्या, आणि गज नकोत. लांब फळ्या आत घ्यायला बरी.”

“किती रुंद?” तिनं पटकन विचारलं.

“दोन फूट पुरे.”

दोन फुटांतून काही नाव जात नाही. तिचा जीव भांड्यात पडला.

तीन वर्षं तो नाव बांधत होता. दुपारी दोनला छापखान्यातून यायचा, जेवायचा आणि खोलीत जाऊन आतून कडी लावायचा. “पुरी झाल्याशिवाय डोकवायचं नाही हं,” अशी ताकीद होती. तिला तेच बरं वाटायचं. कुठल्या तोंडानं बघणार होती ती त्या नावेकडे? तिनं मशीन मात्र अशा खिडकीशी मांडलं होतं की समोर ते दार दिसावं. तो आत आहे एवढं कळलं की पुरे.

आधी अर्धा तास ठाकठूक चालायची. मग नुसता रेडिओ. एकदा रेडिओतून लहान मूल खिदळल्यासारखं वाटलं. गल्लीतली पोरं असतील, म्हणून तिनं पुन्हा पायडल मारलं.

माणूस कामाला मोठा नेटका. शर्टावर कधी भुशाचा कण नाही. विजारी मात्र एकाच जागी विरायच्या, मांडीच्या आतल्या बाजूला. “नावेवर घोड्यासारखा बसतो ना मी,” तो म्हणायचा. ती मुकाट्यानं ठिगळ लावायची. चिंध्याही न्यायचा, रंग पुसायला. त्यातही फुलाफुलांच्या निवडून. तिला हसू यायचं.

संध्याकाळी चहा पिताना सांगायचा, “आज बूड बसलं.” “आज वल्ही झाली.” चेहरा कसा फुललेला असायचा. येता-जाता गुणगुणायला लागला होता. पाच-सात वर्षांनी लहान दिसत होता. आणि तिला आतून खायला उठायचं. एवढा साधा माणूस, आणि आपण त्याचा केसानं गळा कापतोय!

“पुढच्या महिन्यात नाव पाण्यात,” तो एका संध्याकाळी म्हणाला, तेव्हा मात्र तिला राहवेना. ती रात्रभर रडली. दुसऱ्या दिवशी तिनं सुताराला बोलावणं धाडलं.

“दार मोठं करायचंय,” ती म्हणाली. “भिंत पाडावी लागली तरी पाडा. मी मुद्दाम लहान ठेवलं होतं. आज त्यांच्यासमोर कबूल करणार आहे. जाऊ देत त्यांना कुठं जायचं तिथं.”

सुतार गंभीर झाला. “आधी नावेची रुंदी बघायला हवी.”

दोघं खोलीपाशी गेली. आत रेडिओ चालू होता. तिनं दार वाजवलं. हाक मारली. पुन्हा मारली.

“कानात बोळे घातलेत की काय?” म्हणत सुतारानं फटीत पटाशी सरकवली आणि कडी वर ढकलली.

आत नाव नव्हती. लाकडाच्या तीन वाकवलेल्या फासळ्या होत्या, त्यांच्यामध्ये कोळ्यानं घर केलं होतं. एका फासळीला सुतळीनं चेंडू टांगला होता, फुलाफुलांच्या चिंध्यांचा. मागची खिडकी सताड उघडी होती. तिची चौकट मधोमध घासून गुळगुळीत झाली होती.

ती खिडकीशी गेली आणि बाहेर वाकली. गल्लीत उतरायला तीन लाकडी पायऱ्या होत्या, सुरेख पॉलिश केलेल्या. तीन वर्षांत त्यानं बांधलं होतं ते एवढंच. बाजूला कठडाही होता.

“काम सुबक केलंय,” सुतार तिच्या खांद्यावरून बघत म्हणाला. “पण कठडा एवढा खाली? मोठ्या माणसाला काय उपयोग त्याचा?”

तिनं गळ्यातली टेप काढली. ती नीट ताणून धरली. पायरीपासून कठड्यापर्यंत वीस इंच.

दोन वर्षांचं मूल. फार तर सव्वादोन. मापात तिची चूक कधी होत नसे.