दाराआडचं दळण

वादळाला पाच दिवस झाले, तेव्हा पटवारी पडक्या घरांचा पंचनामा करायला वलगावात आला. पंचफुलेच्या घराची पुढची भिंत तेवढी उभी होती. दार लोटलेलं होतं. त्यामागून जात्याची घरघर येत होती आणि तिच्यावर एका म्हातारीची ओवी, पीठ झरावं तशी झरत होती.

पटवाऱ्यानं लेखणी थांबवली. "सरकारी मदत पुऱ्या पडलेल्या घराले हाय, बाई. तुह्या घरात त दळण चालू हाय. कावून खोटं सांगून राहिली?"

पंचफुला त्याच्या तोंडाकडे पाहतच राहिली. मग तिनं दार ढकललं.

मागे घर नव्हतं. मातीचा ढीग होता आणि त्यावर उघडं आभाळ. आवाज थांबला.

पटवारी दोन पावलं मागे सरला. "कोण... कोण दळून राहिलं होतं?"

पंचफुलेनं पदर खोचला आणि ढिगावरची कुदळ उचलली.

"माही सासू अजून सापडली नाही, भाऊ. पाच दिवसांपासून सारं गाव खणून राहिलं, पण आमाले कोणालेच काही ऐकू आलं नाही. तुमाले आलं. कोणत्या अंगानं आलं, तेवढं बोट करून दाखवा."