कोवळ्या उन्हाचं शहर

दुबई, हाँगकाँग संपून टीव्हीवर सिंगापूर आलं, तशी रंगनाथअण्णांनी खुर्ची पुढे ओढली. अश्विनीने नवऱ्याकडे पाहिलं. आदिनाथने डोळ्यांनीच सांगितलं, थांबू नकोस.

रविवारची दुपार होती आणि देवळाली प्रवऱ्याच्या त्या घरात अश्विनीचं सगळं काही पणाला लागलं होतं. ती आर्किटेक्ट. लग्न झाल्यापासून रोज सावेडीच्या ऑफिसात जाऊन दुमजली बंगल्यांचे नकाशे काढत होती आणि मनातल्या मनात पन्नास मजली इमारती बांधत होती. आता नणंदेच्या नवऱ्याने, रामहरीने, त्याच्या कंपनीत तिच्यासाठी जागा बघितली होती. कंपनीची दोन नवी ऑफिसं निघत होती, एक दुबईला, एक सिंगापूरला. रामहरी आणि नणंद विजयमाला पुण्याहून त्यांतल्याच एका ठिकाणी जाणार होते. तुम्हाला कुठलं आवडतं ते कळवा, पण पुढच्या महिन्यात हजर व्हावं लागेल, असा त्याचा निरोप होता. आदिनाथचं काम लॅपटॉपवरचं, त्याला सगळी गावं सारखीच.

अडत होतं ते अण्णांपाशी. एकुलता एक मुलगा, बारा एकर ऊस, गोठ्यात दोन म्हशी. घर उघडं टाकायचं नाही हा अण्णांचा कायदा होता. तोडणीची टोळी उसात शिरली की घरचं माणूस बांधावर हवं म्हणजे हवं.

म्हणून अश्विनीने ठरवलं होतं, परवानगी मागायचीच नाही. आधी शहरं दाखवायची. माणूस एकदा शहराच्या प्रेमात पडला की नाही म्हणणं त्यालाच जड जातं, अशी तिची अटकळ होती. यातलं एकही शहर तिने प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. पण त्यांच्या इमारतींच्या रांगा तिला डोळे मिटून काढता आल्या असत्या. आणि बोलायला लागली की ती कोणाला ऐकत नसे.

दुबईच्या इमारती एकेकट्या उभ्या असतात, तिने सांगितलं, प्रत्येकीला वाटतं मीच उंच. रस्ते ऐसपैस, पण उन्हाळ्यात पायी माणूस दिसायचं नाही. सगळं शहर आत, गारव्यात. हाँगकाँग तिने नुसतं चवीपुरतं दाखवलं. मागे डोंगर, पुढे समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत इमारती बाजारच्या दिवशीच्या एसटीतल्या माणसांसारख्या दाटीवाटीने. सिंगापूर आलं तसा तिचा आवाजच चढला. उंची आहेच, पण मजल्यामजल्यावर झाडं. तीन इमारतींच्या डोक्यावर मिळून एकच लांबलचक गच्ची, जहाज आणून ठेवल्यासारखी. आणि राहत्या इमारतींचा तळमजला मोकळा सोडलेला, तिथे म्हातारी माणसं निवांत गप्पा मारत बसतात.

"बसू देत्यात व्हय?" आक्काबाईंनी विचारलं. सासूबाई इतका वेळ परातीत डिंक निवडत बसल्या होत्या. एवढा डिंक कशाला, असं सकाळी अश्विनीने विचारलं तेव्हा गुडघ्यांना बरा, म्हणाल्या होत्या. गुडघ्यांसाठीच त्यांनी गेल्या आठवड्यात राहुरीहून पांढरेशुभ्र बूटही आणले होते. हल्ली लेकीचा फोन आला की त्या तो घेऊन परसात जात, घरात रेंज येत नाही म्हणून.

"बसू देतात की, आई. बाकं असतात तिथे."

मग अण्णांनी प्रश्न काढले. लिफ्ट बंद पडली तर वरच्या मजल्यावरची बाई खाली कशी उतरणार? दवाखाना किती लांब? पाणी उकळून प्यावं लागतं का? म्हातारा नकाराला कारणं जमवतोय हे अश्विनीने ओळखलं आणि ती आणखी चेवाने उत्तरं देऊ लागली. लिफ्ट एक नसते, दोन-तीन असतात. दवाखाना जवळ. पाणी थेट नळाचं.

"आन् सकाळचं कवळं ऊन?" अण्णा म्हणाले. "येवढ्या बिल्डिंगींच्या गर्दीत ते घरात येतं का?"

हा प्रश्न तिला इतका आवडला की ती उठून उभीच राहिली. कॉलेजातसुद्धा तिला कोणी इतकं नेमकं विचारलं नव्हतं. "दुबईत ऊन रगड आहे अण्णा, पण उन्हाळ्यात ते कोवळं राहतच नाही. सिंगापूरला बारा महिने सातच्या सुमाराला दिवस उगवतो. वरचा मजला आणि पूर्वेची बाल्कनी घेतली की ऊन थेट घरात."

अण्णांनी बायकोकडे पाहिलं. आक्काबाईंनी मान हलवली.

"मंग सिंगापूरच," अण्णा म्हणाले. "दुबई नगं."

आदिनाथने मांडीवर थाप मारली. अश्विनीला हसावं की रडावं कळेना. तिने सासूला मिठी मारली, डिंक सांडला, तो गोळा करता करता दोघींना हसू आवरेना. इतकं सोपं होतं तर आपण उगाच आठवडाभर झोप घालवली, असं तिला वाटलं. ती अण्णांच्या पाया पडली.

अण्णांनी लगेच रामहरीला फोन लावला. सूनबाईने सगळं नीट समजावून दिलं, सिंगापूरच घ्या, घर वरच्या मजल्यावर आणि पूर्वेचं बघा, असं त्यांनी जावयाला बजावलं. आमची दोघांची तिकिटं तुमच्याबरोबरच काढा, असंही सांगितलं, आणि फोन ठेवला.

"तुमची दोघांची?" आदिनाथ म्हणाला.

"विजूला चवथा म्हयना लागला," आक्काबाई म्हणाल्या. "तीन म्हयनं सरल्याबिगर बोलू नये, म्हनून गप हुतो. पयलं बाळंतपन म्हायेरी करायचं असतंय. तिला हितं येता येत न्हाई, तर म्हायेरानंच तिकडं जायचं."

अण्णा उठले आणि त्यांनी गोठ्याकडची बॅटरी आदिनाथच्या हातात दिली. "दिवाळी झाली की टोळी यील. बांधावरनं हलू नको." मग ते सुनेकडे वळले. "आन् अश्विनी, काळी म्हस नवख्या हाताला पान्हा सोडत न्हाई. आजपास्नं धारंला तूच बस."