केशरी कपाळाचा कोळी

अल्कोहोलात ठेवलेल्या नमुन्याचे रंग उडतात, म्हणून डॉ. शालन तिरोडकर नवा कोळी जिवंत असतानाच त्याचं चित्र काढायच्या. कातळसड्यावरच्या, म्हणजे कोकणातल्या उघड्या खडकाळ पठारावरच्या तंबूत, समोरच्या कुपीतून, केशरी कपाळाचा उड्या मारणारा कोळी आठही डोळ्यांनी त्यांच्याकडे टकमक बघत होता.

"एवढं वर्णन झालं की सड्यावरच्या जीवांची यादी पुरी," खाण कंपनीचे साटेलकर म्हणाले. "उद्या सुरुंग लावतो."

"सुरुंग? अहो, नोंद जीव वाचवण्यासाठी असते!"

"वाचतोच की, मॅडम. नोंद झाली की जनुकं पेढीत जमा. हवा तेव्हा बनवून घेऊ, मग त्याला सडा कशाला? नव्या कायद्यात एखादा जीव नोंदीवाचून राहिला, तरच आमचं अडतं."

शालनताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सात वर्षं राबून चारशे अकरा जीव त्यांनीच, आपल्या सुबक अक्षरात, या माणसाच्या हवाली केले होते.

त्यांनी कुपीचं बूच काढलं. कोळ्याने पहिली उडी टेबलावर मारली, दुसरी थेट बाहेरच्या कातळावर.

"हे काय केलंत! यादी अपुरी राहील!"

"राहू दे!" चित्राचा कागद टराटरा फाडत त्या कडाडल्या. "माझ्याशिवाय त्याला ओळखणारा कुणी असेल, तर आणा शोधून!"