जास्वंदीची बागड

धम्मदीना पोलीस भरतीसाठी रोज सकाळी अंगणात दोरीवरच्या उड्या मारायची आणि शेजारचे भाईसाहेब चहा घेऊन खिडकीत बसायचे. एके दिवशी तेच तिच्या आईला, गयाबाईंना, म्हणाले, “बहनजी, जवान लड़की है. बीच में झाड़ियों की बागड़ लगवा लो.” ते ऐकून पोरीनं दोरी गुंडाळली, तशी गयाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मानपूरच्या नर्सरीतून कुंपणासाठी जास्वंदीची रोपं आणली. भाईसाहेब खूश झाले. पण गयाबाईंनी कुदळ उचलली आणि थेट त्यांच्या खिडकीखाली खणायला सुरुवात केली. “अरे, ये क्या कर रही हो?” “बागड लावतेय, भिया. नजर तुमची भटकते, तर झाडं माझ्या पोरीसमोर कशाला? फुलं तुमच्या पूजेला होतील.” मागे अंगणात दोरी पुन्हा सपासप फिरू लागली. “आणि ही बागड वाढेपर्यंत खिडकी बंद ठेवा.”