कडू चहाची फेरी

डेटाबेसची लायब्ररी अपडेट झाल्यापासून मोंतेविदेओतल्या त्या डायलिसिस केंद्राचा, रुग्णांच्या नोंदी ठेवणारा पायथन प्रोग्रॅम सुरू केला की बंद पडत होता, एररसुद्धा न दाखवता. बाहेर सोळा रुग्ण ताटकळले होते.

"अपडेट कुणी केलं?" कडू चहाने भरलेला भोपळ्याचा तुंबा पुढे करत केंद्रप्रमुख नीबियाताईंनी विचारलं.

 प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या लेआंद्रोने तुंबा रिकामा केला. "मीच. कुणाला न विचारता."

तुंबा परत देताना तो म्हणाला, "आभारी आहे, ताई," आणि त्याने बॅग उचलली. एकाच तुंब्यातून पाळीपाळीने प्यायच्या तिथल्या चहाच्या फेरीत आभार मानले, की त्याचा अर्थ 'मला आता पुरे' असा होतो.

नीबियाताईंनी त्याच तुंब्यात पुन्हा गरम पाणी ओतलं.

"उठायला कुणी सांगितलं तुला? हा पी, आणि जुनी लायब्ररी परत चढव."